कोपरा फाटलेलं कार्ड

सरपंचबाईंनी एक पान मागितलं होतं. "तुमच्या घरानं इतके साल पोस्ट सांभाळलं, दुकान सांभाळलं. पंधरा ऑगस्टले तुमचा सत्कार करून राहिलो आम्ही. घराण्याची माहिती एका पानावर लिहून द्या, मी वाचून दाखवीन."

ही २०१३ची गोष्ट. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. पोस्ट आमच्या पडवीतून ग्रामपंचायतीच्या खोलीत गेलं होतं. लाल पेटी काढून नेली, तिथं भिंतीला चार भोकं तेवढी उरली होती. मी हो म्हणालो. एका पानाचं काय एवढं!

ते पान मी दिलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे.

सुरुवात आत्यापासून केली. बाबांची थोरली बहीण कामठ्याला असते. ऐंशीच्या पुढची, पण जिभेला धार आहे. मला दारात पाहून म्हणाली, "आता आठवली का आत्या? शाल भेटून राहिली म्हणून?"

मी वही काढली. ती सांगत गेली. "तुह्या आज्याले पोस्ट काऊन भेटलं माहीत हाय? शिकला होता म्हणून नाही. चौथी झालेले गावात अजून दोघं होते. पण कुलूप लागंल अशी पेटी फक्त त्याच्याच दुकानात होती. मिठाच्या पोत्यावर टपालाची थैली ठेवे."

खेड्यातलं पोस्ट म्हणजे पूर्ण वेळेची नोकरी नव्हे. ज्याच्याकडे स्वतःची जागा आणि पोटाला दुसरा धंदा असेल त्यालाच ते मिळायचं. म्हणून आमच्याकडे एकाच फळीवर एका बाजूला शिक्का आणि शाईची गादी, दुसऱ्या बाजूला गूळ आणि डाळी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत टपालाला हळदीचा वास येतो.

आत्या म्हणाली, "तुहा आजा म्हणे, दुकानदार चुकला तं छटाकभर जाते, डाकवाला चुकला तं माणूस जाते. लिहिलं का? आता हे नको लिहू, का भाजीत मीठ कमी पडलं तं हाच माणूस ताट फेके."

मग तिनं अनवाणी जाण्याचं सांगितलं. ते मला माहीत होतं. तरी तिच्या तोंडून ऐकताना माझा पेन थांबला.

मयतीची खबर देणारं कार्ड लिहिताना त्याचा एक कोपरा फाडून टाकतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. न वाचताही कळावं म्हणून. असं कार्ड घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं. आजोबांनी त्यात आपली एक भर घातली होती. बाकीचं टपाल आमचा डाकवाला सायकलवर वाटायचा, पण कोपरा फाटलेलं कार्ड आजोबा त्याच्या हाती देत नसत. स्वतः जात, पायात काही न घालता. बाबांनीही तेच चालवलं. त्यामुळे पोस्टमास्तर बिनचपलेचा गल्लीत दिसला की बाया हातातलं काम टाकून दारात येत आणि तो आपलं दार ओलांडून पुढं जातो का, ते बघत उभ्या राहत.

"मोठी इज्जत होती त्याची," आत्या म्हणाली. "लिही."

मी लिहिलं नाही. ऊन फार झालं म्हणालो आणि निघालो.

आता १९९९चं सांगतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

जुलै संपत आला होता, धानाची रोवणी जोरात होती. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला गेले होते. पोस्ट आणि दुकान, दोन्ही माझ्यावर. मी तेव्हा तेहतीस-चौतीसचा. डाकवाला रजा टाकून स्वतःच्या शेतात उतरला होता. सोमवार होता, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. अकराच्या एसटीनं थैली आली. मी ती फोडली, कार्डांवर शिक्के मारले, ती फळीवर ठेवली आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.

आमचा तराजू आढ्याला टांगलेला होता. त्याच्या डाव्या पारड्याची साखळी एकदा तुटून जोडली होती, तेव्हापासून ते पारडं किंचित हलकं होतं. मीठ-गुळाला चालून जायचं, पण जिरं, हळद घेणारी बाई काट्यावरून डोळा हलवत नाही. म्हणून बाबा त्या साखळीच्या कडीत जाड कागदाची घडी खुपसून ठेवत. पावसाळ्यात ती ओली होऊन गळायची. मग हात लांब करायचा, लग्नपत्रिका, जुनं कॅलेंडर, जे लागेल त्याचा कोपरा फाडायचा, दुमडायचा, कडीत घालायचा. लहानपणापासून करत आलो होतो. त्याला बघावं लागत नव्हतं.

त्या सोमवारीही मी बघितलं नाही.

दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या, टपालाची चळत उचलली आणि वाटायला निघालो. शेवटचं कार्ड बौद्ध मोहल्ल्यातल्या एका बाईचं होतं. मी तिला मावशी म्हणत असे. नवरा नव्हता. एकच मुलगी, ती वर्षभरापूर्वी घरून निघून गेली होती. दुर्गकडच्या एका मुलाशी तिनं लग्न केलं होतं, मुलगा दुसऱ्या जातीचा. मावशीनं भर बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माह्यासाठी ते मेली."

मावशी रोवणीवर होती. शेताकडची वाट चिखलाची, चपला रुतायला लागल्या. मी त्या काढून झाडाखाली ठेवल्या आणि कार्ड हातात धरून धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, चालत गेलो.

दहा-बारा बाया वाकून रोवत होत्या. त्यांतली एक सरळ झाली, मग दुसरी. गाणं थांबलं. मावशीनं मान वर केली.

"अनवाणी काऊन जी, मास्तरबाबू?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिची नजर कुठं गेली ते दिसलं, आणि मीही माझ्या हाताकडे पाहिलं. कार्डाचा खालचा डावा कोपरा नव्हता.

तिच्या हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी सुटली. ती बांधीत, त्या पाणी भरलेल्या वाफ्यातच बसली, कमरेपर्यंत पाण्यात. "मीच म्हटली होती," ती म्हणाली. "मेली म्हणून मीच म्हटली होती जी." ती ओरडत नव्हती, तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ओरडल्या त्या बाकीच्या.

मी कार्ड वाचलं. चार-पाचच ओळी होत्या. माय, जय भीम. मी बरी आहे. मला मुलगी झाली, तीन महिन्यांची आहे, नाक तुझ्यासारखं आहे. तिला घेऊन येते. मग खालची ओळ, तिचा सुरुवातीचा शब्द गेलेला: दुपारच्या गाडीनं अर्जुनीला उतरते. बाकीचं उजव्या कडेला उभं लिहिलेलं: स्टेशनावर ये. नाही आलीस तर समजेन की तुझा राग गेला नाही. मग तशीच परत जाईन आणि पुन्हा लिहिणार नाही.

एवढंच म्हणायचं होतं की मावशी, पोरगी जिवंत आहे, कोपरा माझ्या हातून फाटला. एक वाक्य. आजही अंघोळ करताना ते माझ्या तोंडात येतं.

मी म्हणालो, "तुमचं नाही हे. नाव सारखं आहे, गाव दुसरं. चुकून आलं."

बाया गप्प झाल्या. मावशीनं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं, तर गालाला चिखल लागला. एक म्हातारी माझ्यावर कडाडली, "मंग अनवाणी कायले आला गा, मुडद्या? जीव घेतं का बाईचा?"

"चिखल आहे म्हणून," मी म्हणालो.

आणि त्या हसल्या. सगळ्याच्या सगळ्या. मावशी तर हसता हसता रडत होती. चिखलाचे हात जोडून मला म्हणाली, "लय उपकार झाले जी." त्या हसण्यात मी कार्ड खिशात घातलं. त्यानंतर ते बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

का केलं? टपाल फाडलं हे वर कळलं असतं तर बाबांचं पोस्ट गेलं असतं. अनेक वर्षं मी स्वतःला हेच कारण दिलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तिच्या जागी पाटलाघरची सून असती तर मी तिथंच पाय धरले असते आणि खरं सांगितलं असतं. ही बाई वाचणार नाही, विचारणार नाही, हिच्यासाठी कुणी तालुक्याला अर्ज घेऊन जाणार नाही, हे मला धुऱ्यावर उभ्या उभ्या माहीत होतं. मी हिशेब केला असं नाही. पण ते माहीत होतं.

कार्ड मी दुकानातल्या आरशामागे सरकवलं. फाटलेला शब्द तराजूच्या कडीत होता. काढून वाचता आला असता. मी वाचला नाही. दुर्गहून यायला कार्डाला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे फाटलेला तो वार, जो कुठला असेल तो, होऊन गेला असणार, माझ्या हातून तसंही काही होण्यासारखं नव्हतं, असं मी ठरवून टाकलं. दरवर्षी गळणारा तो कागद या वेळी गळू नये म्हणून मी त्याच्यावर बारीक तार गुंडाळली. खाली पडला असता तर उचलावा लागला असता.

दोन-तीन वर्षं मावशी दर बाजाराला विचारायची, "माह्या पोरीचं कार्ड आलं का जी?" बाबा चळत चाळून बघत आणि मान हलवत. मी डाळ मोजत असे. त्याच तराजूवर. मग तिनं विचारणं सोडलं. मधे कधीतरी आरशामागे हात घातला तर कार्ड नव्हतं. उंदरांनी नेलं असेल, असं मी ठरवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो, हेही आठवतं.

आता पुन्हा २०१३. आत्याकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाबांची ट्रंक उघडली. आजोबांच्या नेमणुकीचा कागद बाबांनी कापडात गुंडाळून ठेवला होता. वर्षातून एकदा, दिवाळीला, ते तो बाहेर काढत. कापड सोडलं. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर चिरला होता. त्याच्या खाली ते कार्ड होतं.

मी ट्रंकेजवळ किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. बायको चहा ठेवून गेली, त्यावर साय आली. बाबांना माहीत होतं. आरशामागून त्यांनीच काढलं होतं. वाचलं असणार. कोपरा पाहिला असणार, आणि तो तसा कुठं फाटतो हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. नंतरच्या वर्षांत डाकवाला रजेवर गेला की बाबा स्वतः टपाल वाटायला निघत, अधू डोळ्यांनी, माझ्या हाती एक कार्ड देत नसत. मला वाटायचं, मला त्रास नको म्हणून.

मी उठलो आणि दुकानात गेलो. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून तो तराजू नुसताच लटकत होता. स्टुलावर चढून तार सोडवली. घडी दगडासारखी झाली होती. पाण्याचा हात लावून उलगडली. निळ्या शाईत एक शब्द होता.

बुधवारी.

कार्डावर मीच मारलेला शिक्का होता, सोमवारचा. म्हणजे दोन दिवस होते. उरलेला सोमवार, अख्खा मंगळवार आणि बुधवारची सकाळ. वार होऊन गेला होता, या एका गोष्टीवर मी चौदा वर्षं झोपलो होतो. स्टुलावरून उतरताना माझा पाय जमिनीला लागला नाही, पडलोच. बायको धावत आली. मी तिला सांगितलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "तिले सांगा. आज." मग, "मले बी इतके दिवस..."

मावशीच्या घरी जाताना मला चपलांचा प्रश्न पडला. घालून गेलो.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. पाठीला बाक आला होता. मी कार्ड पुढं केलं. फाटलेला कोपरा दिसताच तिनं हात मागे घेतला.

"बाहेरच ठेव ते. कोण गेलं?"

"कुणी नाही, मावशी. हा कोपरा मी फाडला होता." आणि मी सांगितलं. रोवणी, चिखल, कडी, सगळं. ती सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. सुपातला तांदूळ हलत नव्हता.

"कोपरा कुठं हाय?"

मी खिशातून काढला.

"जोड पहिले."

तिनं आतून भाताची चार शितं आणून दिली. मी उंबऱ्याबाहेर बसून, शितं चुरडून, कोपरा कार्डाला चिकटवला. तो दोनदा सरकला. मग तिनं कार्ड हातात घेतलं, मागंपुढं पाहिलं, मला परत दिलं. "वाच."

वाचलं. नाकाच्या ओळीला तिनं आपल्या नाकाला हात लावला. "अजून एक डाव वाच," म्हणाली. तीनदा वाचायला लावलं.

"बुधवार," ती म्हणाली. "आन् तू आला सोमवारी." मग, "मास्तरले माहीत होतं?"

"हो."

"म्हणून मी दुकानात आली का उभा राहे तो बुढा. मी म्हणो, काऊन उभा राहून राहिला हा माह्यासाठी?"

मी माफ करा म्हणालो. तिनं ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. "पत्ता हाय ना यावर? तं जा. तिले सांग, मायले कार्ड भेटलंच नाही. चिठ्ठी नको लिहू, फोन नको करू. तुह्या तोंडानं सांग. आन् आता जाय इथून, तुले पाहवत नाही मले."

दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन दुर्गची गाडी धरली. पत्त्यावरचं घर पडून तिथं दुकानं झाली होती. विचारत विचारत, तीन मोहल्ले हिंडून, संध्याकाळच्या आत मला ती सापडली. दारात शिवणयंत्र, आत शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी अभ्यास करत होती. नाक मावशीचंच.

तिनं मला ओळखलं. पण चेहऱ्याकडे नंतर पाहिलं. आधी तिची नजर माझ्या पायांवर गेली. पायात चपला होत्या.

"माय जिवंत हाय ना, दादा?" ती म्हणाली.

मी दारात उभा राहूनच सगळं बोललो, बस म्हणाली तरी बसलो नाही. बोलून झाल्यावर मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. तिनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला.

"मी आलीच नव्हती," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"गोंदियापर्यंत आली होती त्या बुधवारी. पोरीले घेऊन. तिकीट भी था. अर्जुनीची गाडी समोर लागली होती. माय नाही दिसली तं काय करू, याच्याच भेवानं चढली नाही. गाडी निघून गेली, मी वापस आली. मंग वाटे, माय येऊन बसली असंल स्टेशनावर, पावसात, बाया हसल्या असतील तिले. आता कोन्या तोंडानं लिहू? हर साल सोचती थी, इस साल." तिनं डोळे वर केले. "म्हणजे ती आली नव्हती? पावसात बसली नव्हती?"

"तिला माहीतच नव्हतं."

ती रडायला लागली आणि त्यातच हसत होती, अगदी मावशी बांधीत हसली होती तशी. आतली मुलगी घाबरून बाहेर आली.

एक क्षण मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. ती आलीच नव्हती, म्हणजे माझ्यामुळं कुणी फलाटावर उभं नव्हतं. मग गाडीत परत येताना कार्डावरचा पत्ता डोळ्यांपुढं आला. कार्ड मिळालं असतं तर मावशी स्टेशनावर गेली असती, पोरगी दिसली नसती, आणि ती बाई दुसऱ्याच दिवशी हा पत्ता कुणाकडून तरी वाचून घेऊन दुर्गला पोचली असती. तिला मी पाहिलेलं आहे. तिनं एक दिवसही लावला नसता. मी चौदा वर्षं लावली.

आठवड्यानं मावशीची पोरगी लेकीला घेऊन आली. गाडी दुपारची होती, मावशी सकाळपासून अर्जुनीच्या फलाटावर बसली होती. मी तिकीटखिडकीपाशी थांबलो, कारण तिनं सांगितलं होतं, "तू मांगे राय." दोघी भेटल्या ते मी लांबून पाहिलं. काय बोलल्या ते मला माहीत नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. मावशीनं नातीची हनुवटी धरून तिचं नाक उजेडाकडे वळवलं, एवढं दिसलं.

सरपंचबाईंना मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "जुन्या गोष्टी कायले काढता, भाऊ? सत्कार पोस्टाचा हाय, तुमचा एकट्याचा नाही." मी म्हणालो, पोस्ट आमच्याच घरात होतं. शाल घेतली नाही. बाबांच्या फोटोला हार घालायचा होता, तोही मी घालू दिला नाही. तो निर्णय बरोबर होता का, मला आजही ठरवता येत नाही.

मावशी अजून माझ्याच दुकानात येते. गावात दुसरं दुकान झालं आहे, तरी येते. दारात दिसली की मी उभा राहतो. काय हवं ते ती बोटानं दाखवते. मी जिरं काट्यावर टाकतो, लाल आकडे उमटतात. बाकीच्या बाया आकडे बघतात. ती माझ्या हातांकडे बघते, पुडी बांधून होईपर्यंत.